नाना माझ्या मागून चालायचे

अक्षर वेडंवाकडं आहे, ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल, त्याची माफी आधीच मागते. चौथीनंतर पेन धरायची वेळ फारशी आली नाही. पण नानांना जाऊन सव्वा महिना झाला आणि हे तोंडाने मला कुणाला सांगता येत नाही.

नाना वरणगावचे, शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. थंडीत दर रविवारी कॅमेरा घेऊन आमच्या वस्तीवर, धरणाच्या मागच्या पाण्याला यायचे. पाणी ओसरलं की उघड्या पडलेल्या गाळात आम्ही टरबूज-काकडी लावतो, म्हणून तो गाळ मला माहीत. वरून वाळलेली साय, खाली माणूस गिळेल एवढा चिखल. पाखरांचे ठसे दिसले की नवख्याला जमीन पक्की वाटते. मी काठीने चाचपत पुढे आणि नाना माझ्या पावलात पाऊल टाकत मागे, असं चार वर्षं चाललं. बोलणं थोडंच. "ताई, थांबा... शेकाट्या," एवढं ते पुटपुटायचे. लाल काडीसारख्या पायांचं ते पाखरू मी लहानपणापासून बघत होते. त्याला नाव आहे हे नानांनी सांगितलं. एकदा म्हटलं, "तुमच्यामुळे मला पाखरं कळली." तर म्हणाले, "आणि तुमच्यामुळे मी अजून कोरडा आहे."

नाना गेले त्या आठवड्यात धरणाचं पाणी एकाएकी वर येऊन परत गेलं. वाट दिसायला तशीच होती, पण खालून सुटली होती. शनिवारी मीच गुडघ्यापर्यंत रुतून कशीबशी निघाले. रविवारी सकाळपासून टिटव्या ओरडायच्या थांबत नव्हत्या. नानांबरोबर धुळ्याचे चार पाहुणे आले, मोठमोठे कॅमेरे घेऊन. एकजण अंगणातूनच म्हणाला, "या बाईंचा व्हिडिओ घेऊ." परक्या माणसांसमोर मला बोलता येत नाही, त्यात व्हिडिओ. मी घरात शिरले. जाऊबाई हसल्या, "काय व, कोन खाते तुले?" नाना दाराशी आले. "ताई, काठी घ्या, चला. आज चक्रवाक जवळ बसलेत." मी आतूनच म्हटलं, "अंगात ताप आहे, नाना." ताप नव्हता. "मग पडून राहा. वाट आता मला पाठ झालीय."

वाट बदललीय... दोनच शब्द. पण दारात ती माणसं उभी होती. न सांगताच मी चुलीकडे वळले.

भाकरी तव्यावर होती, तेव्हा पाण्यावरची बठ्ठी, एकूण एक पाखरं एकदम उठली. मग माणसांच्या हाका. वस्तीवरच्यांनी चिखलावर खाटा टाकून नानांना ओढून काढलं. छातीपर्यंत रुतले होते. मला बघून म्हणाले, "उतरला का ताप?" भुसावळच्या दवाखान्यात पोचेपर्यंत श्वास थांबला होता.

परवा त्यांच्या घरी गेले. माईंना, त्यांच्या बायकोला, सगळं सांगितलं. ताप नव्हता, तेही. माई रडल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. आतून फोटोंचं पाकीट आणलं आणि माझ्यासमोर एकेक मांडत गेल्या. शेकाट्या, थापट्या, करकोचे... आणि जवळजवळ प्रत्येक फोटोच्या कडेला थोडा पदर, काठीचं टोक, माझी पाठ.

"मी म्हणायचे, तेवढं कापून टाका फोटोतून," माई म्हणाल्या. "तर म्हणायचे, राहू दे. त्या दिसल्या की मला पाय टाकता येतो."

शेवटचा, त्या रविवारी काढलेला फोटो त्यांनी माझ्या हातात दिला. लांब पाण्याजवळ चक्रवाकांची जोडी. अलीकडे नुसता ओला, चमकणारा गाळ... पुढे कुणी नाही.