एका शुद्ध कार्डाला पाच मुराळी

शुद्ध भाषेचं वेड मला अकराव्या वर्षी लागलं, आणि लागलं ते गोवरासारखं, अंगभर. चौथीनंतर माझी शाळा सुटली होती. भावाचं व्याकरणाचं जुनं पुस्तक मी माळ्यावरून काढलं. अर्धी पानं झुरळांनी खाल्लेली. उरलेल्या अर्ध्यावर मी पंडित झाले. झुरळांनी नेमकं काय खाल्लं ते मला आजतागायत ठाऊक नाही, पण तेव्हा कुणाला त्याची पर्वा! दूधवाला "दूध हाय" म्हणाला की मी दारातून "आहे!" म्हणून ओरडायची. तो बिचारा म्हणायचा, "आहे तर भांडं आण की मग."

तेव्हा आम्ही पंचवटीत राहायचो. शेजारच्या काकूंचा मुलगा छापखान्यात खिळे जुळवायचा, म्हणजे शिशाचं एकेक उलटं अक्षर उचलून ओळीत लावायचा. त्यामुळे काकूंना वाटायचं, नाशकातली सगळी मराठी आपल्याच घरातून छापून बाहेर पडते. आणि सून कुठली आणली? सटाण्याकडची. तोंडात अस्सल अहिराणी. ती माझ्याहून पाचच वर्षांनी मोठी, मी तिला वहिनी म्हणायची. ती "भाजी तिखट शे" म्हणाली की काकूंचा डाव पातेल्यावर आपटायचा.

"आहे म्हण! छापखान्याच्या घरात 'शे' चालत नाही."

"बरं, तिखट आहे," वहिनी म्हणायची, आणि माझ्याकडं वळून हळूच, "पन शे!"

अशी आमची दोघींची गट्टी.

आता आखाजीचं सांगते. आपण अक्षय्यतृतीया म्हणतो तिला तिकडं आखाजी म्हणतात. तिकडच्या लेकींना दिवाळीला माहेर नसलं तरी चालेल, आखाजीला पाहिजेच. झाडाला झोका, दिवसभर गाणी, आणि सासरचं नाव काढायचं ते फक्त गाण्यातून, तेही टिंगल करायला. वहिनीची लग्नानंतरची ही पहिली आखाजी. पण काकूंची रीत ठरलेली. माहेरून न्यायला माणूस आला, म्हणजे मुराळी आला, तर सून जाणार. आपणहून धाडायची नाही. मुराळी काही येईना. माहेरच्यांना वाटत असणार, शहरातली माणसं, आपण गेलो आणि त्यांनी नाही म्हटलं तर?

सण आठ दिवसांवर आला तेव्हा वहिनी एक कोरं कार्ड पदराखाली लपवून माझ्याकडं आली. तिला लिहिता येत नव्हतं. म्हणाली, "लिही. माय, आखाजी जवळ उनी. माले लेवाले ये. माले करमत नई."

"सण जवळ आला, न्यायला ये, करमत नाही, एवढंच?"

"मंग काय जास्त?"

मी म्हटलं, छे! असं कुणी लिहितं का? आणि टाक बुडवून सुरुवात केली. "तीर्थस्वरूप मातोश्रींचे चरणी कन्येचा शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष. अक्षय्यतृतीयेचा सण समीप येऊन ठेपला आहे. तरी आपण उचित ती व्यवस्था त्वरेने करावी. विलंब झाल्यास कन्येस अत्यंत क्लेश होतील, याची नोंद घ्यावी." लिहिताना माझीच छाती फुगत होती. 'याची नोंद घ्यावी' हे तर मी दोनदा गिरवलं.

वाचून दाखवलं. वहिनीचे डोळे मोठे झाले. "लई भारी शे! पन यामा मी कोठे शे?"

"वहिनी, शुद्ध भाषेत असंच असतं," मी म्हटलं.

कार्ड गेलं. पाच दिवस काहीच नाही. सहाव्या दिवशी दुपारी आम्ही अंगणात काकूंचे उडदाचे पापड लाटत बसलो होतो, तर फाटकातून पाच माणसं आत. पुढं वहिनीची आई, मागं वडील, भाऊ, मामा, आणि सगळ्यात मागं त्यांच्या गावचे पोलीस पाटील, हातात चांदीच्या मुठीची काठी. भावाच्या खांद्यावर शेंगांचं पोतं.

आई ओरडली, "मनी आंडेर कोठे शे?" आंडेर म्हणजे लेक.

वहिनी पिठाच्या हातांनीच धावली. "माय!"

आईनं तिला कवेत घेतलं नाही. आधी तपासलं! कपाळ, दंड, मनगटं, पाठ. सगळं जागच्या जागी आहे अशी खात्री झाल्यावर मग गळ्यात पडून रडली. तोवर पाटलांनी काठी टेकवली आणि काकूंना विचारलं, "बाई, कज्जा काय शे? कागद कोनी धाडा?"

"कागद?" काकूंचं लाटणं थांबलं. "कसला कागद?"

माझ्या हातातला पापड तिथंच फाटला.

झालं होतं असं की गावातले मास्तर सुट्टीला घरी गेलेले, म्हणून कार्ड वाचायला तलाठ्याकडं नेलं. त्यांनी ते शेतसारा मागायच्या आवाजात वाचलं. आई म्हणाली, "हाई मनी आंडेर नई." मुलगी असं बोलतच नाही, मग हे लिहिलं कुणी? असली भाषा गावात आजवर एकदाच आली होती, बांधाच्या भांडणात कोर्टाकडून. त्यामुळे सगळ्यांनी मानलं की पोरीवर काही बालंट आलंय. म्हणून साक्षीला पाटील, आणि कुणाला खूश करावं लागलंच तर शेंगा.

पाटलांनी खिशातून कार्ड काढलं, ते काकूंनी माझ्यापुढं धरलं. "वाच."

मी वाचलं. वहिनी पदराचं टोक चावत उभी. गेली हिची आखाजी, मला वाटलं, आणि घालवली मी.

 काकूंचा चेहरा हळूहळू पुरीसारखा फुगला. "ऐकलंत, सुनेनं काय सांगितलंय लिहायला?" त्या पाटलांना म्हणाल्या, "तीन महिन्यांत पोर कुठल्या कुठं नेली मी! आमच्या मुलाच्या छापखान्यातसुद्धा इतकं शुद्ध निघत नाही."

वहिनीनं माझ्याकडं पाहिलं, मी पापडाकडं. हसू दाबताना माझ्या नाकात उडदाचं पीठ गेलं आणि मी जी शिंकत सुटले ती थांबेना.

"म्हनजे आखाजीचं बोलावनं का हाई?" मामांनी कपाळावर हात मारला. "मंग आम्ही पाचीजन मुराळीच ना!"

आता काकू अडकल्या. दारात आलेला एक मुराळी रिकामा परतवणं अपशकुन, इथं तर पाच, आणि त्यातला एक पाटील. त्यांनी सगळ्यांना गूळपाणी दिलं, शेंगांचं पोतं मुकाट्यानं आत ठेवून घेतलं आणि सुनेची पेटी बाहेर काढली.

निघताना वहिनी पाया पडली. काकूंनी तिच्या पदराला लागलेलं पीठ झटकलं आणि पटकन बोलून गेल्या, "लय दिस लावू नको बाई. मला करमायचं नाय."

काकूंचं माहेर सायखेड्याचं, खेडेगावातलंच, हे मला त्या दिवशी कळलं. मी "नाही!" म्हणायला तोंड उघडलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा मिटलं.

पुढच्या वर्षी वहिनी पुन्हा कोरं कार्ड घेऊन आली. मी तिनं सांगितलं तसंच लिहिलं. माय, आखाजी जवळ उनी. माले लेवाले ये. कार्ड बरंच कोरं राहिलं, माझा हात शिवशिवत होता, पण मी टाक खाली ठेवला. चौथ्या दिवशी भाऊ दारात हजर. एकटाच, हसत, आणि शेंगा या खेपेला माझ्यासाठी.