बाकड्याचे अध्यक्ष

आमच्या ह्यांनी आयुष्यभर नोकरी केली ती पगारापुरती. खरा जीव लालबागच्या मंडळात. गेल्या वर्षी मंडळाच्याच मीटिंगमध्ये, मिरवणुकीला ढोल आणायचे की बेंजो, यावर तावातावाने बोलताना ह्यांच्या छातीत कळ आली. हॉस्पिटलमधून घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "मंडळ बंद. रोज संध्याकाळी पाण्याकाठी तासभर शांत बसायचं. महिन्याने बघतो. प्रेशर उतरलं नाही तर परत ॲडमिट."

मी दुसऱ्याच दिवशी मंडळात जाऊन सांगून आले, "हे आता येणार नाहीत. बोलवायला कोणी घरी आलात तर चहा मिळणार नाही." चहाचं ऐकल्यावर सगळ्यांना परिस्थितीचं गांभीर्य कळलं.

आता पाण्याकाठी म्हणजे कुठे? दादर चौपाटीवर दर दहा पावलांवर ह्यांना कोणीतरी "काय भाऊ!" करणार. वरळीला तेच. ह्यांना कुत्रंही ओळखणार नाही अशी जागा हवी होती. शेवटी माहीमच्या पुढे मिठी नदीला लागून एक टीचभर बाग सापडली. चार झाडं, दोन बाकडी, एक शिट्टीवाला वॉचमन, आणि पलीकडे नदी. नदीला वास येतो, खोटं कशाला बोलू? पण भरतीच्या वेळी पाणी वर चढतं, तिवरांत बगळे बसतात, बरं वाटतं. रोज टॅक्सीने जायचो.

पहिला आठवडा हे खरोखर शांत बसले. हात मांडीवर, नजर पाण्यावर. मी शेजारी पिशवीत पाण्याची बाटली आणि गोळ्या घेऊन. मला वाटलं होतं, सुटले बाई एकदाची! पण हे घरीही बोलेनात. आमटीत मीठ जास्त पडलं तरी मुकाट जेवले. तीस वर्षांत असं झालं नव्हतं. त्या रात्री मला झोप लागली नाही. ह्यांची बडबड बंद व्हावी म्हणून मी किती देव पाण्यात ठेवले असतील, आणि आता ती बंद झाली तर मीच ती परत मागत होते.

दुसऱ्या दिवशी बागेत विचारलं, "अहो, काय होतंय तुम्हाला?"

"काय नाय गो," हे नदीकडे बघत आपल्या गावच्या मालवणीत म्हणाले. "गप बसान माझो जीव जातलो, इतक्याच."

तेवढ्यात शेजारी बसलेले दादरचे एक काका, इस्त्रीचा शर्ट, अगदी शुद्ध बोलणारे, म्हणाले, "हे बाकडं फार डुगडुगतं हो. सहा महिने तक्रार करतोय. कोणी लक्षच देत नाही."

ह्यांनी मान वळवली. डोळ्यांत अशी चमक आली की मी पिशवी घट्ट धरली.

"इथले अध्यक्ष कोण?" ह्यांनी विचारलं.

"कशाचे अध्यक्ष?"

"म्हणजे नाहीतच? अरे देवा!"

झालं. अर्ध्या तासात काका अध्यक्ष, हे कार्याध्यक्ष, आणि वॉचमन, बिचारा नको नको म्हणत असताना, सुरक्षा प्रमुख. बागेत रोज येणारी बाकीची मंडळी सभासद. बाकड्याच्या पायाखाली फरशीचा तुकडा सारला, तर त्याचंही उद्घाटन! नारळ फोडला. चौथ्या दिवशी मंडळात फूट पडली, कारण काकांना भाषण लांबवायची खोड. चिडलेले लोक उठून समोरच्या बाकड्यावर गेले आणि तिथे दुसरं मंडळ निघालं. मराठी माणसं! दोन बाकडी होती म्हणून दोनच मंडळांवर भागलं.

मग समेटासाठी सत्यनारायण ठरला. मी कडाडले, "अहो, डॉक्टरांनी शांत बसायला सांगितलंय!"

"मी बसलेलोच आहे की," हे म्हणाले. "उभा राहून एक काम केलं असेन तर सांग. आणि शिरा जरा जास्त कर, समोरच्या बाकड्यावरचे पण येणारेत."

घरी आल्यावर म्हणाले, "मागच्या आठवड्याच्या आमटीत मीठ किती घातलेलंस गं! तोंडात धरवत नव्हती." मी स्वयंपाकघरात जाऊन पदराने डोळे पुसले. नंतर कढईभर शिरा केला. वर मलाच महिला विभाग दिला होता, तो वेगळाच वैताग.

तपासणीचा दिवस आला तेव्हा मी ॲडमिटची पिशवी भरूनच निघाले. पहिला आठवडा सोडला तर ह्यांनी जे काही केलं त्याला शांत म्हणणारा माणूस जन्मायचा होता. डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधला, एकदा बघितलं, परत बांधला, परत बघितलं.

"वा! एकदम नॉर्मल. काय केलंत?"

"बागेत शांत बसतो," हे साळसूदपणे म्हणाले.

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी देवाची क्षमा मागितली आणि म्हटलं, "हो, अगदी गप्प असतात."

डॉक्टर खुर्चीत मागे रेलले. "नशीबवान आहात. मला तर दोन मिनिटं कुठे निवांत बसायला मिळत नाही."

"मग या की रविवारी!" हे खुर्चीतून उठलेच. "सल्लागाराची जागा तुमच्यासाठीच रिकामी ठेवलीय. फक्त समोरच्या बाकड्यावर बसू नका, ते आपले नाहीत."

डॉक्टरांनी हळूच पट्टा उचलला आणि मला म्हणाले, "वहिनी, तुम्ही जरा हात पुढे करा."