पायात बूट घातलेली ओळ

मंगळवार, ११ मार्च. सकाळी पडदे धुतले. दुपारी धाकटा आला. चहात साखर तीन चमचे, तरी तोंड कडू. त्याच्या दोन पेट्या शनिवारी भट्टीत जाणार.

धाकटा म्हणजे माझा पाठचा भाऊ. वय सत्तर. छापखान्यात जुळारी आहे. शिशाची अक्षरं, म्हणजे खिळे, एकेक उचलून ओळी लावतो. त्या दोन पेट्यांतल्या खिळ्यांवर त्याचा फार जीव. अक्षरं उजवीकडे कललेली, पण प्रत्येकाच्या पायाशी जाड चौकोनी पट्टी. इतर तिरकी अक्षरं निमंत्रणपत्रिकेवर लाजत मुरडत चालतात. ही घाईत असली तरी पाय आपटत जातात. धाकटाही तसाच. बुटांचे तळवे विटेएवढे आणि चालताना नाक पावलांच्या हातभर पुढे. छापखान्यात त्याला ‘पेटीतून निसटलेला’ म्हणतात.

मालकांनी बजावलं होतं, शनिवारपर्यंत या खिळ्यांना काम मिळालं तर ठीक, नाहीतर वितळवायचे. तेवढ्यात डॉक्टरीणबाईंचं काम आलं. रोग्यांना द्यायचं औषधाचं कार्ड. धाकट्यानं नावापासून पत्त्यापर्यंत सगळं याच खिळ्यांत जुळवलं आणि नमुना माझ्यापुढे धरला.

“कसं काय, ताई?”

“आग लागलीय का रे कुठे? सगळे पळत सुटलेत.”

“तुला जोर म्हणजे काय ते कळत नाही.”

“कळतो की. पण सगळेच ओरडले तर ऐकायचं कुणाचं?”

अर्धा चहा टाकून तो गेला. त्याच्या हिशेबी हे उपोषणच.

बुधवारी डॉक्टरीणबाईंनी नमुना परत पाठवला. म्हणाल्या, वाचताना धाप लागते. गुरुवारी स्वारी पुन्हा माझ्या दारात, या वेळी नाक पावलांच्या मागे. मी डायरी उघडून दाखवली. शाळेतल्या सिस्टरांच्या धाकानं माझं अक्षर अजून ताठ उभं राहतं. पानात एखादाच शब्द मी तिरका आणि जाड काढते, विसरून चालणार नाही असा.

“तुझ्या कार्डात विसरलं तर जिवावर बेतेल, अशी ओळ कोणती?”

त्यानं कार्ड दोनदा वाचलं. “रिकाम्या पोटी घेऊ नये.”

“मग तेवढीच पळव.”

शुक्रवारी त्यानं तसंच जुळवलं. डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून कार्ड हातभर लांब धरलं, तरी ती ओळ वाचता आली. काम पक्कं झालं, दर महिन्याला.

शनिवारी मालक म्हणाले, एका ओळीला एक पेटी पुरे. दुसरी भट्टीत गेली.

“तुझ्या सल्ल्यापायी माझी एक पेटी गेली, ताई.”

“तुझ्या हट्टापायी दोन्ही गेल्या असत्या. साखर घे.”

त्यानं चार चमचे घेतली.

शनिवार, १५ मार्च. धाकट्यानं दिलेलं एक कार्ड फडताळाच्या दाराला आतून चिकटवलं. गोळी जेवणानंतर घेतली.