वगळलेल्यांच्या घरचा चहा

डॉक्टर गेल्याचा फोन आला तेव्हा मी ॲडम्सटाउन स्टेशनवर उभा होतो, आणि अर्थातच चुकीच्या फलाटावर. माझी गाडी समोरून निघून जात होती आणि डॉक्टरांच्या पत्नी, आमच्या वहिनी, कानात शांतपणे सांगत होत्या, "गेले रे. सकाळी, झोपेतच." यावर माणूस काय काय बोलू शकतो. मी म्हणालो, "ग्रँड." आयर्लंडमध्ये अकरा वर्षं काढली की 'छान, मस्त' अर्थाचा हा शब्द जांभईसारखा आपोआप बाहेर पडतो. पाऊस आला तरी ग्रँड, पाय मोडला तरी ग्रँड. वहिनी म्हणाल्या, "ये मग घरी." डॉक्टर असते तर यावर आठवडाभर हसले असते…

डॉ. रंगराव चौगुले मूळचे कोल्हापूरचे, पेशाने भूलतज्ज्ञ. इथल्या सरकारी हॉस्पिटलातून निवृत्त होऊन ते घरी बसले होते, आणि मी एका वेगळ्याच संकटात सापडलो होतो. दिवसा मी बॉल्सब्रिजच्या ऑफिसात सॉफ्टवेअर लिहितो आणि दोन संध्याकाळी एका कॉलेजात शिकवतो. तिथल्या मीटिंगमध्ये फुटबॉल टीमचा मॅनेजर कोण होणार असं विचारलं गेलं, त्याच क्षणी मी पार्किंगबद्दल विचारायला हात वर केला. माझा फुटबॉलशी तोवरचा संबंध एवढाच, की शाळेत असताना एकदा बॉल नाकावर बसला होता. त्यात जुना कोच दूर शॅनन गावी नोकरी मिळाली म्हणून निघून गेला. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत प्रसाद वाटताना मी हे रडगाणं गात होतो, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "मी येतो की. तीस वर्षं लोकांना झोपवलं, आता अकरा जणांना जागं करून बघू."

मी पुण्याचा, मला ती थट्टा वाटली. त्यांच्यासाठी मात्र ती थट्टा नव्हती. कोल्हापुरात फुटबॉल पेठांच्या रक्तात असतो, आणि डॉक्टर तरुणपणी आपल्या तालमीच्या संघातून खेळलेले. तिथून त्यांनी एक रिवाज आणला होता. संघातून ज्याला वगळायचं, त्याच्या घरी आधी आपण जायचं, चहा प्यायचा आणि त्याच्या तोंडावर सांगायचं. "पेठेत दुसऱ्या दिवशी त्याच्याच दारावरून जायचं असतंय," ते म्हणायचे. डॉक्टर गाडी चालवत नसत, त्यामुळे दर गुरुवारी सारथी मी. चहाच्या बाबतीत आयरिश माणूस आपल्यापेक्षा हट्टी. एका संध्याकाळी तीन पोरं वगळायची असली की आम्ही सहा कप पिऊन परतायचो. पण जो वगळला जाई तोही शनिवारी मैदानावर ओरडायला येई. आदल्या वर्षी शेवटून पहिली आलेली टीम नोव्हेंबरपर्यंत मधोमध येऊन बसली.

मग मी माती खाल्ली. डॅरा हा आमचा गोलकीपर आणि कॅप्टन, चार वर्षं संघात. एका गुरुवारी डॉक्टरांनी त्याच्या जागी दुसऱ्याला घ्यायचं ठरवलं. त्याच्याकडे सातला जायचं होतं. मी तत्पर माणूस, साडेपाचलाच संघाची यादी टीमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकून मोकळा झालो. डॅराने ती बसमध्ये, बरोबरच्या चार पोरांदेखत वाचली. सहाच्या आत तो ग्रुपमधून बाहेर पडला होता.

डॉक्टरांना सांगितलं तर ते ओरडलेसुद्धा नाहीत. "गाडी काढ," एवढंच म्हणाले. डॅरा खाली आला नाही. त्याच्या आईने चहा केला आणि आम्ही तासभर तिच्याशी हवापाण्याच्या गप्पा मारल्या. पुढच्या गुरुवारी पुन्हा तेच, त्याच्या पुढच्याही. डॉक्टर डॅराचं नावसुद्धा काढत नसत. चौथ्या गुरुवारी तो जिना उतरून आला, दारातच उभा राहिला. मी तोंड उघडणार, तोच डॉक्टर म्हणाले, "यादी मीच टाकायला सांगितली होती. चुकलं माझं." डॅराने माझ्याकडे पाहिलं. मी बिस्किटाकडे पाहिलं.

तो परत आला, पुढे पुन्हा गोलमध्ये उभा राहिला आणि त्याच्या जोरावर आम्ही चषकाची उपांत्य फेरी गाठली. तिथे एका गोलने हरलो. मी मात्र रोज ठरवत होतो, याला खरं सांगायचं. सांगायला जावं तर नेमका त्याचा सराव चाललेला, नाहीतर माझं ऑफिस. भित्र्या माणसाचं कॅलेंडर नेहमीच भरलेलं असतं. उन्हाळ्याच्या तोंडावर डॉक्टर आजारी पडले. हॉस्पिटलात भेटायला गेलो की हिंडून फिरून एकच विचारायचे, "डॅराकडं जाऊन आलास काय?" मी म्हणायचो, जाईन. "जा की लेका. चहा बरा असतोय तिथं." यापलीकडे त्यांनी मला कधी टोचलं नाही, आणि तेच जास्त टोचायचं…

अंत्यविधीला सगळी टीम कोट घालून आली होती. त्या गर्दीत बोलायचं नव्हतं, की धीर झाला नाही, मला आजही ठरवता येत नाही. पण त्यानंतरच्या गुरुवारी मी एकटाच डॅराच्या घरी गेलो. त्याच्या आईने किटली ठेवली. मी खुर्चीवर टेकायच्या आतच बोलून टाकलं: ती यादी टाकायला डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं, मीच त्यांना न विचारता टाकली होती.

"माहितीय," डॅरा म्हणाला. "घरी येऊन चहा प्यायल्याशिवाय डॉकने कधी कुणाला वगळलं होतं का? सगळ्या टीमला माहितीय."

मी विचारलं, मग इतके महिने तू बोलला का नाहीस?

"मी डॉकला तेव्हाच विचारलं होतं. तो म्हणाला, त्याचा तो येऊन सांगेल, तू थांब." डॅराने दुधाचं भांडं माझ्याकडे सरकवलं. "म्हणाला, थोडा वेळ लागेल. पुण्याचा आहे."

मी हसलो, मग कप उचलून एका दमात रिकामा केला. डॅराच्या आईने न विचारताच माझा कप पुन्हा भरला.