कोंबडा कुणाचा

तर कोंबडा टेबलावर होता, वेकुलोचा हात वर होता आणि चर्चच्या अंगणातले सगळे डोळे त्या हाताकडे लागले होते. काल इथवर आलो होतो.

चर्चला नवे पत्रे घालायचे म्हणून हरांबे भरलं होतं, सगळं गाव वर्गणीला जमलं होतं. आणि कोंबड्याच्या लिलावाशिवाय हरांबे म्हणजे भाजीशिवाय मक्याची घट्ट उगाली, घशाखाली उतरायची नाही. ज्याने कोंबडा घेतला त्याने पैसे टाकायचे आणि कोंबडा परत टेबलावर ठेवायचा, की पुन्हा बोली सुरू. शेवटी सगळे दमले की जो उरतो तो कोंबडा घरी नेतो आणि पुढच्या सुगीपर्यंत मिरवतो.

वेकुलो एरवी च्वेलेच्या बाजारात जुने बूट विकायचा. वय तेहेतीस, पोरगी नालियाका अजून दुधाच्या दातांची. पण लिलाव बोलण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. झोपलेल्या माणसाकडूनही बोली काढील, असं म्हणत. त्या दिवशी शेवटची फेरी जुने हेडमास्तर माकोखा आणि गिरणीवाले सिताती यांच्यात जुंपली. मास्तर अडीच हजारांवर येऊन थांबले. वेकुलो म्हणाला, "अडीच हजार, एक वार. अडीच हजार, दोन वार." तेवढ्यात सितातींनी टोपी उचलली. आमच्याकडे टोपी उचलली की पाचशे वाढले. त्याच क्षणी वेकुलोचा हात वर गेला, तोंड उघडलं आणि पोतं ठेवावं तसा तो खाली बसला.

लोक हसले. त्यांना वाटलं, हाही खेळच. हसली नाही ती एकटी नामाल्वा, त्याची बायको. नवऱ्याचा खेळ कुठे संपतो हे बायकोला कळतं.

पाद्र्याच्या गाडीतून त्याला एल्डोरेटच्या इस्पितळात नेलं. हृदयाचा झटका, डॉक्टर म्हणाले. नळी बुजली होती, आत जाळी बसवली. बिडी नाही, दारू नाही, मग एवढ्या तरण्या माणसाला हे कसं, याचा गावात खल सुरू झाला. कुणी म्हणे ओरडून ओरडून झालं, कुणी म्हणे कोंबडीची कातडी भोवली. डॉक्टरांनी मात्र विचारलं, वडील कसे गेले? तेव्हा नामाल्वाला आठवलं की सासराही असाच मक्याच्या शेतात बसल्या बसल्या गेला होता, आणि गावाने तो दोष उन्हाच्या माथी मारला होता.

माणूस वाचला. पण ते खासगी इस्पितळ. जा म्हणाले, पण आधी बिल भरा. नामाल्वाने गाय विकली, बुटांचा सगळा माल विकला, तरी बिल निम्मंसुद्धा फिटेना. फाटकावरचा पहारेकरी वेकुलोला अंगणात फिरू द्यायचा, फाटकाबाहेर नाही. बरा झालेला माणूस कोंडलेला, आणि रोजच्या खाटेचं भाडं वर चढतंच आहे.

आता गंमत बघा. नामाल्वा गावात परतली की विहिरीवर, गिरणीत, जो तो विचारायचा, "कसा आहे वेकुलो?" आणि उत्तर संपायच्या आत, "कोंबड्याचं काही बोलला का?"

कारण गाव दुभंगलं होतं. सिताती म्हणत, हात वर गेला तो माझी टोपी बघून. मास्तर म्हणत, "अहो, उकडत होतं म्हणून टोपी काढलीत तुम्ही. तो हात तीन वार म्हणायला वर गेला होता. कोंबडा माझा." कोंबडा नामाल्वाच्या दारात बांधलेला. सितातींकडून त्याला कोंडा यायचा, मास्तरांकडून नाचणी. कोंबडा खाऊन खाऊन फुगला.

"काय माणसं आहेत," ती सासूला म्हणाली. "नवरा माझा अडकलाय आणि यांना कोंबड्याची पडलीये."

सासू शेंगा सोलत होती. म्हणाली, "पोरी, ज्याची पडलीये तेच विकावं."

नामाल्वाचा हात शेंगेवर थांबला. संध्याकाळी तिने नवऱ्याला फोन लावला. "नालियाकाच्या बाबा, कुणी कोंबड्याचं विचारलं तर सांगू नका."

"मास्तरांचे तीनदा फोन आले. सिताती तर इथवर येऊन संत्री देऊन गेले."

"संत्री खा. पण सांगू नका."

"तुला सांगू का?"

"मलासुद्धा नको," ती म्हणाली, आणि त्या रात्री तिला स्वतःलाच झोप लागली नाही.

मग तिच्या सांगण्यावरून पाद्र्याने जाहीर केलं की पत्रे थांबतील, आता हरांबे वेकुलोच्या बिलासाठी. आणि त्या दिवशी खुद्द वेकुलो फोनवरून सांगणार, कोंबडा कुणाचा.

नदीपलीकडची माणसंसुद्धा आली. ज्यांनी वेकुलोला कधी पाहिलं नव्हतं तेही चहा पिऊन टेबलापाशी जागा धरून बसले. नामाल्वाने सगळी गर्दी बघितली. वेकुलो एक नाव घेईल, लोकांचं समाधान होईल, आणि वर्गणी न टाकताच लोक उठून घरी जातील. हे तिच्या आधी लक्षातच आलं नव्हतं. पण आता कोंबडा टेबलावर होता आणि फोन भोंग्याला जोडलेला होता.

"वेकुलो," मास्तरांनी घसा साफ केला, "सगळ्यांच्या देखत विचारतो. तो हात टोपीसाठी वर गेला की तीन वारासाठी?"

सिताती म्हणाले, "खरं सांग रे बाबा. संत्र्यांचं मनात धरू नकोस."

भोंगा खरखरला. आवाज आला तो इतका बारीक की पोरं रडायची थांबली:

"सिताती, टोपी मी पाहिली नाही. मास्तर, तीन वार मी म्हटलं नाही. हात वर गेला तो खांद्यातून कळ आली म्हणून. तेव्हा कोंबडा अजून कुणाचाच नाही, आपण अडीच हजार, दोन वार, इथेच उभे आहोत. डॉक्टरांनी ओरडायला मनाई केलीये, म्हणून हळूच विचारतो. मास्तरांच्या वर कोण?"