विषय बदलाचा अर्ज

सडक अर्जुनीच्या आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवता शिकवता समुपदेशनाचं काम माझ्या गळ्यात पडलं. दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं आणि मी स्वतःला पोरांची माउली समजू लागले. टोल्या-वस्तीवरची पोरं अकरावी विज्ञानाला आली की इंग्रजीतल्या गणिताला घाबरतात, हे मी धरूनच चालायचे. गणित सोडून भूगोल घेण्याचे अर्ज टेबलाच्या खणात तयारच असायचे.

जुलैत एक मुलगी दाराशी आली, तिनं नाव-आडनाव सांगितलं. बौद्ध वस्तीतली, आईवडील दोघंही मजुरीला. "मॅडम, गणिताचं..." एवढंच ती बोलली आणि मी उचलली जीभ लावली टाळ्याला. सगळ्यांनाच गणित झेपत नाही, त्यात कमीपणा नाही, असं पंधरा मिनिटं सांगितलं. हे मी तिचं आडनाव ऐकून ठरवलं होतं, मार्क पाहून नाही. आमच्या पोवार जातीतली पोरगी असती तर आधी तिला बसवलं असतं आणि काय काम आहे ते विचारलं असतं. अर्ज मीच भरला. दुसऱ्या दिवशी ती वडिलांची सही घेऊन आली.

चार दिवसांनी गणिताचे सर तणतणत आले. पोरगी वर्गात सगळ्यांच्या पुढे होती. अभियांत्रिकीच्या प्रवेश परीक्षेसाठी आम्ही जादा तास घेतो, त्याची यादी माझ्याकडे असते. त्या यादीत नाव घालायला त्यांनीच तिला पाठवलं होतं.

प्रकरण प्राचार्यांकडे गेलं. त्यांनी तिला बोलावलं. मी बाजूच्या खुर्चीत बसले होते. अर्ज अजून रद्द होतो, ते म्हणाले, कोणी सांगितलं म्हणून सोडत असशील तर बोल. तिनं माझ्याकडे पाहिलं. मला एकच वाक्य बोलायचं होतं. पण साहेबांसमोर शोभा होईल म्हणून मी गप्प राहिले.

"कोणी नाही सांगतलं, सर," ती म्हणाली. "मलेच नाही जमून राहिलं."

प्राचार्यांनी अर्ज मंजूर केला. बाहेर आल्यावर मी तिला म्हटलं, माझं नाव सांगितलं असतंस तरी चाललं असतं. तेही खोटंच होतं. ती गोंधळली.

"तुमचं नाव कायले सांगू, मॅडम? तुमी बरोबरच बोलल्या. आधी मले उगाच वाटे, जमते म्हणून."