लेथवर काम करत दिलेला अमेरिकेचा इंटरव्ह्यू

मंडळी, झाली ॲडमिशन! अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजमध्ये, मशीनिंगच्या दोन वर्षांच्या कोर्सला. घाईघाईत लिहितेय, टायपिंगच्या चुका माफ करा.

आमच्या शहरातल्या पोलोग्राउंड या कारखान्यांच्या भागात बाबांचं छोटं वर्कशॉप आहे. बी.कॉम. करता करता मी तिथेच लेथ, म्हणजे धातू फिरवत कापायचं मशीन, चालवायला शिकले. भंवरकुआं भागातला, परदेशी ॲडमिशन करून देणारा एक कन्सल्टंट मात्र हसून म्हणाला होता, "मॅडम, लड़कियां इसमें नहीं जातीं. एमबीए देख लो." मग मी अर्ज स्वतःच केला.

आज संध्याकाळी बाबांबरोबर वर्कशॉपमध्ये असतानाच कॉलेजच्या ॲडमिशन बघणाऱ्या बाईंचा व्हिडिओ कॉल आला. त्यांनी विचारलं, "मशीनवर खरंच काम केलंय का?" सर्टिफिकेट तर माझ्याकडे नव्हतंच. मी फोन बाबांच्या हातात दिला, सेफ्टीचा चष्मा लावला आणि लेथ सुरू केलं. बोलता बोलता पितळेचा एक बुश, म्हणजे मशीनमध्ये बसणारी छोटी नळी, कापून, मापून दाखवला.

बाई म्हणाल्या, "आमच्याकडे मुली फार कमी येतात. तुम्ही नक्की या. ॲडमिशन दिली."

बाबांना इंग्रजी कळत नाही. "काय बोलली गं?"

"घेतलं बाबा मला!"

इतके दिवस 'एवढ्या लांब कशाला' म्हणणारे बाबा फोन तसाच धरून बाहेर धावले आणि शेजारच्या वर्कशॉपवाल्यांना ओरडून म्हणाले, "भिया, अपनी छोरी अमेरिका जा रही है, मशीन का काम सीखने!" कॉल चालूच होता. बाई पोट धरून हसत होत्या.

व्हिसा अजून बाकी आहे, तेही बघून घेऊ. तुम्हाला कुणी 'ये तुम्हारे बस का नहीं' म्हटलं होतं का? मग तुम्ही काय करून दाखवलंत?